आजीच्या ओव्या आणि मुका प्लेअर : लिनक्समधल्या पॅकेजिंगचा छोटा इतिहास

(विश्रांतवाडीतल्या एका वाचनालयात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींनी मला फोन करून विचारलं, की हे इतिहासाचं व्याख्यान आहे ना? मग त्यात कॉम्प्युटर कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण तीस वर्षांत घडलेली गोष्टही इतिहासच असते, आणि ही गोष्ट आपल्या घरात घडलेली आहे. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

माझं बालपण इथलंच, आळंदी रोडच्या अलीकडे. बाबा खडकीच्या कारखान्यात होते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं घरातून कधीच गेलं होतं, पण ओव्या राहिल्या होत्या. ज्येष्ठात माऊलींची पालखी दिघी, कळस करत आपल्या विश्रांतवाडीवरून पुण्यात जायची, त्या दिवशी तर आजी पहाटेपासून गुणगुणत असायची. माझ्या आत्यानं एकदा तिला समोर बसवून दोन कॅसेटी भरून घेतल्या. २००१ मध्ये आजी गेली. पुढे आतेभावानं त्या कॅसेटींवरून एमपीथ्री फाइली तयार केल्या आणि एका सीडीवर घालून बाबांना दिल्या.

२००४ साली मी इंजिनिअरिंगला होतो आणि नवा मुसलमान जास्त नमाज पढतो तसा नवा लिनक्सवाला होतो. (हशा) मासिकासोबत आलेल्या सीडीवरून घरच्या कॉम्प्युटरवर फेडोरा टाकलं, जुनं सगळं पुसून. संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले, चहा घेतला, आजीची सीडी घातली. प्लेअर उघडला, फाइलीचं नाव दिसलं, आणि आवाज काही येईना. मी स्पीकर तपासले, वायर तपासली. पडद्यावर एक निरोप आला, त्याचा मथितार्थ असा की एमपीथ्री वाजवण्याची सोय इथून काढून टाकलेली आहे.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, काढून टाकलीय म्हणजे कुणी काढली?"

त्यांच्या त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर.

पॅकेज म्हणजे काय

आधी थोडी भाषा समजून घेऊ. एखादा प्रोग्रॅम कुणीतरी लिहितो. तो जो लिहिलेला मजकूर असतो, त्याला सोर्स कोड म्हणतात. तो तसाच्या तसा आपल्या मशीनवर चालत नाही. तो मशीनच्या भाषेत बांधून घ्यावा लागतो, त्याला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या आधी असाव्या लागतात, फाइली योग्य जागी ठेवाव्या लागतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिनक्स वापरणारा प्रत्येक जण हे स्वतः करायचा. धान्य आणायचं, निवडायचं, दळायचं, मग भाकरी.

डिस्ट्रिब्युशन, आपण डिस्ट्रो म्हणू, ही कल्पना यातूनच आली. निवडणं-दळणं एकानं करावं आणि बाकीच्यांना पीठ मिळावं. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. तिथे पॅकेजला 'डेब' म्हणतात. रेड हॅटनं १९९५ मध्ये 'आरपीएम' आणलं. आजही लिनक्सचं जग बऱ्याच अंशी या दोन घराण्यांत वाटलेलं आहे.

आता पॅकेज करणारा माणूस, त्याला मेंटेनर म्हणतात, तो नेमकं काय करतो? एक, मूळ सोर्स घेतो. दोन, तो कसा बांधायचा याची कृती लिहितो. आरपीएममध्ये त्या कागदाला स्पेक फाइल म्हणतात, डेबियनमध्ये 'डेबियन' नावाच्या फोल्डरात चार-पाच फाइली असतात. तीन, याला आणखी काय काय लागतं त्याची यादी देतो. चार, प्रत्येक फाइलीचा परवाना कोणता हे वाचून नोंदवतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं तेच ठरणार आहे. पाच, बदलांची नोंदवही ठेवतो, तारखेसह आणि स्वतःच्या नावासह. आणि शेवटी त्यावर डिजिटल सही होते.

हा माणूस बहुतेक वेळा प्रोग्रॅमचा लेखक नसतो. पण "हे मी पाहिलंय, बांधलंय, काही बिघडलं तर मला विचारा" असं तो नावानिशी सांगतो. बहुतेकदा फुकट सांगतो. हा मधला माणूस लक्षात ठेवा.

प्लेअरच इतका अवघड का?

कॅल्क्युलेटरचं पॅकेज करायला एक दुपार पुरते. मीडिया प्लेअरचं तसं नसतं. कारण प्लेअर स्वतः फार थोडं काम करतो. चित्र उलगडायला एक लायब्ररी, आवाज उलगडायला दुसरी, डीव्हीडी वाचायला तिसरी, उपशीर्षकं काढायला चौथी. अशा डझनांनी लायब्रऱ्या येतात. प्रत्येकीचा लेखक वेगळा, परवाना वेगळा, आणि काहींवर पेटंट.

उदाहरण म्हणून व्हीएलसी घेऊ. तो नारिंगी शंकू तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. व्हिडिओलॅन हा प्रकल्प १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात सुरू झाला. तिथल्या पोरांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं, आणि त्याला कारण दाखवायला नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचा प्रयोग त्यांनी हाती घेतला. (हशा) आपल्याकडची हॉस्टेलची पोरं यापेक्षा वेगळी नाहीत. १ फेब्रुवारी २००१ रोजी कॉलेजच्या संमतीनं सगळा सोर्स जीपीएल परवान्याखाली खुला झाला. त्या दिवसापासून कुणीही त्याचं पॅकेज करून वाटू शकत होतं. व्हीएलसीचं नशीब असं की त्याच्या घडवणाऱ्यांतच डेबियनचा एक कार्यकर्ता होता, सॅम होसेव्हार. पुढे २००७ मध्ये तो डेबियनचा प्रकल्पप्रमुखही झाला. लेखक आणि मेंटेनर एकाच ताटात जेवत असले की बरीच भांडणं टळतात.

एमप्लेअरचं उलटं झालं. हा प्लेअर हंगेरीत २००० मध्ये सुरू झाला. जे दुसरीकडे वाजत नाही ते एमप्लेअरवर वाजतं, अशी त्याची ख्याती. पण त्यात ठिकठिकाणाहून गोळा केलेला कोड होता, आणि काही फाइलींचा परवाना स्पष्ट नव्हता. शिवाय लोक त्याच्याबरोबर विंडोजमधून उचललेले कोडेक वापरायचे. डेबियननं सांगितलं, परवाने स्वच्छ करा, मग घेऊ. एमप्लेअरवाले म्हणाले, तुम्ही किस पाडताय. वर्षानुवर्षं हे चाललं. अखेर एप्रिल २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० मध्ये एमप्लेअर अधिकृतपणे आला. प्लेअरच्या जन्मानंतर तब्बल सात वर्षांनी.

मधल्या काळात लोक काय करत होते? बाहेरच्या भांडारांतून घेत होते. डेबियनसाठी डेबियन-मल्टिमीडिया, फेडोरासाठी लिव्हना आणि फ्रेशआरपीएम्स. जे अधिकृत दुकानात मिळत नाही ते शेजारच्या टपरीवर. टपरीवाला प्रामाणिक होता, पण त्याची हमी मोठं दुकान घेत नव्हतं.

"कुणी काढली?"

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. एमपीथ्रीचं तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून उभं राहिलं. त्यावर अनेक देशांत पेटंट होती आणि परवाना विकला जायचा. आता गंमत बघा. एमपीथ्री वाजवणारा कोड स्वतंत्रपणे लिहून कुणी जीपीएलखाली दिला, तरी पेटंट आपल्या जागी राहतं. कॉपीराइट हा लिहिण्यावरचा हक्क असतो आणि पेटंट हा युक्तीवरचा. तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलंत तरी युक्ती त्यांचीच.

रेड हॅट ही अमेरिकन कंपनी. सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट लिनक्स ८.० आलं, त्यात एमपीथ्रीची सोय काढून टाकलेली होती. तेव्हा एक्सएमएमएस हा लोकप्रिय प्लेअर होता. त्यातला एमपीथ्रीचा भाग काढून तिथे फक्त निरोप देणारा एक तुकडा बसवला. २००३ च्या नोव्हेंबरात फेडोरा आलं आणि त्यानं हाच नियम पुढे चालवला. म्हणजे बाबा, सोय काढली ती एका मेंटेनरनं, कंपनीच्या वकिलांच्या सल्ल्यानं, अमेरिकेतल्या कायद्यामुळे. आणि आवाज बंद झाला विश्रांतवाडीत.

इथे जरा थांबू, कारण ही माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात विचित्र जागा आहे. आपला कायदा काय म्हणतो? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (के) आहे. निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, गणिती पद्धत किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही, असं ते सांगतं. डिसेंबर २००४ मध्ये, म्हणजे माझ्या त्या मुक्या प्लेअरच्याच वर्षी, सरकारनं एक वटहुकूम काढून हे कलम सैल केलं होतं. त्यावर बराच विरोध झाला, आणि २००५ मध्ये संसदेनं जो दुरुस्ती कायदा केला त्यातून ती सैल तरतूद वगळली गेली. कलम जुन्या रूपात राहिलं. याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असा नाही. उपकरणाच्या रूपात मांडलेल्या कल्पनांना इथेही पेटंट मिळतं आणि त्यावर खटले चालतात. पण धोरणाची दिशा अमेरिकेपेक्षा वेगळी होती, हे नक्की.

तरीही पॅकेज येतं कुठून, यावर सगळं ठरतं. दुकान ज्या गावात, कायदा त्या गावचा. आपण गिऱ्हाईक कुठले, हे कुणी विचारत नाही.

मग मी काय केलं? मुख्य रस्त्यावर एक सायबर कॅफे होता. तिथे बसून लिव्हनाच्या भांडारातून एक्सएमएमएसचं एमपीथ्री पॅकेज उतरवलं. एवढुसं पॅकेज, फ्लॉपीत मावलं. घरी आलो, आरपीएमची आज्ञा दिली, तर ते म्हणालं, मला आणखी एक लायब्ररी पाहिजे. परत कॅफे. ती आणली, तर तिला तिसरी पाहिजे. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत कॅफेवाल्या काकांनी विचारलं, "काय रे, एवढं काय उतरवतोस?" म्हटलं, "आजीचा आवाज." त्यांनी त्या अर्ध्या तासाचे पैसे घेतले नाहीत. रात्री दहाला ओव्या सुरू झाल्या. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते, आत आले नाहीत.

पुढे यम, एपीटी अशी साधनं रुळली. काय काय लागतं ते ती स्वतःच शोधून आणतात, त्यामुळे फ्लॉपीच्या फेऱ्या संपल्या. पण त्या तीन फेऱ्यांत मला कळलं, की मेंटेनरनं केलेली ती 'काय काय लागतं' ची यादी किती मोलाची असते.

पुण्यातली मंडळी

आता तुम्ही म्हणाल, यात पुण्याचा संबंध फक्त गिऱ्हाइकाचाच का? अजिबात नाही. त्याच दशकात रेड हॅटचं पुण्यात मोठं केंद्र उभं राहिलं आणि फेडोराची कितीतरी पॅकेजं इथे बसून सांभाळली जाऊ लागली. गनोम डेस्कटॉपचं मराठी भाषांतरही मुख्यतः पुण्यातल्याच लोकांनी केलं. प्लेअरमधलं 'प्ले' आणि 'थांबवा' मराठीत दिसतं त्यामागे हे काम आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. प्लेअरला उपशीर्षकं दाखवायची तर देवनागरी फाँट हवा आणि जोडाक्षरं नीट जुळवणारी व्यवस्था हवी. नाहीतर 'विश्रांतवाडी'तला 'श्र' फुटतो आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. रेड हॅटनं पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून भारतीय लिप्यांचे फाँट करून घेतले आणि २००४ मध्ये ते खुल्या परवान्यावर दिले. नाव ठेवलं 'लोहित'. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटमधला रेड. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फाँटसाठीच असलेला ओपन फाँट लायसन्स घेतला गेला. आज बहुतेक सगळ्या डिस्ट्रोंत लोहितचं पॅकेज असतं. पुण्यात घडलेली ही वस्तू जगभर पॅकेजच्या वाटेनं गेली.

आणि माणसं. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे 'प्लग'. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा 'ग्नुनिफाय'. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ ला शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सीओईपीत, फेडोराचा 'फुडकॉन' भरला, आणि जून २०१५ मध्ये एमआयटीत पुन्हा एकदा. अशा मेळाव्यांत स्पेक फाइल कशी लिहायची हे शेजारी बसून शिकवायची पद्धत होती. पुस्तकात जे सापडत नाही ते तिथे मिळायचं. उदाहरणार्थ, परवान्याची फाइल वाचल्याशिवाय बांधायला घ्यायचं नाही, ही सवय.

पण बघा, यातला एखादा मेंटेनर घरी जाऊन स्वतःच्या फेडोरावर एमपीथ्री लावायचा तर त्यालाही बाहेरच्याच भांडारात जावं लागायचं. ज्यानं कुलूप सांभाळायचं त्यालाही किल्ली बाहेरूनच आणायची. मला यात ढोंग दिसत नाही. नियम पाळून जेवढं शुद्ध देता येईल तेवढं द्यायचं, आणि बाकीचं लोक स्वतःच्या जबाबदारीवर घेतील, अशी ती विभागणी होती. २००८ च्या नोव्हेंबरात लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल ही तीन बाहेरची भांडारं एकत्र येऊन 'आरपीएम फ्यूजन' झालं, तेव्हा ही विभागणी सुटसुटीत झाली. राहुल सुंदरम या फेडोरा कार्यकर्त्यानं तर आरपीएम फ्यूजनची पॅकेजं आधीच घालून दिलेली 'ओमेगा' नावाची आवृत्ती काढली होती. टाकली की गाणी वाजायची. डायल-अपवाल्यांसाठी तो मोठा आधार होता.

कुलूप निघालं

पेटंटला मुदत असते. २३ एप्रिल २०१७ रोजी फ्राउनहोफरनं एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम बंद केला. त्याआधीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, फेडोरानं एमपीथ्री वाजवण्याची सोय परत घेतली होती. एमपीथ्री तयार करण्याची सोय मे २०१७ मध्ये आली. म्हणजे २००२ ते २०१६, चौदा वर्षं. एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली.

तोवर भांडण एच.२६४ या व्हिडिओच्या तंत्राकडे सरकलं होतं. तिथे एक चमत्कारिक तोडगा निघाला. सिस्को कंपनीनं २०१३ मध्ये जाहीर केलं, की आम्ही कोडेक खुला करतो, आणि आमच्या सर्व्हरवरून जी तयार फाइल उतरवली जाईल तिची पेटंट फी आम्ही भरतो. मग फेडोरानं काय केलं? पॅकेज फेडोरा बांधतं, सही फेडोरा करतं, पण वाटप मात्र सिस्कोच्या सर्व्हरवरून होतं. डबा घरचा, नेणारा माणूस सिस्कोचा. २०२२ मध्ये फेडोरा ३६ मध्ये एफएफएमपेगची काटछाट केलेली आवृत्ती आली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ग्राफिक कार्डाच्या मदतीनं एच.२६४ उलगडायची सोय कायदेशीर भीतीपोटी पुन्हा काढून टाकली गेली. म्हणजे बाबांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

२०२२ : साइट बंद, पॅकेज चालू

याच वर्षी आपल्याकडे जे झालं ते अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात व्हिडिओलॅनची वेबसाइट उघडेनाशी झाली. कुणाकडे उघडायची, कुणाकडे नाही. बातमी मोठी झाली ती ऑगस्टमध्ये. सरकारनं कारण जाहीर केलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीनं अहवाल दिला होता, की 'सिकाडा' नावाची हल्लेखोर टोळी विंडोजवरच्या खऱ्या व्हीएलसीच्या शेजारी स्वतःची खोटी फाइल ठेवून घुसखोरी करते. बातम्यांत बंदीचा संबंध याच्याशी जोडला गेला. पण तारखा बघा. बंदी फेब्रुवारीची, अहवाल एप्रिलचा. इतिहास शिकणाऱ्यानं एवढं तरी तपासावं.

त्या ऑगस्टात बाबांनी मला फोन केला. वय पंच्याहत्तरच्या पुढे. लॅपटॉप नवा, त्यावर मी डेबियन टाकून दिलेलं. म्हणाले, "अरे, व्हीएलसीची साइट उघडत नाही. सरकारनं बंद केलीय म्हणजे त्यात काहीतरी असणार. आजीची सीडी आता कशावर लावू?"

मी म्हटलं, "बाबा, साइटवर जाऊच नका. टर्मिनल उघडा आणि मी सांगतो ते टाइप करा." एपीटीला एक ओळीची आज्ञा दिली. अर्ध्या मिनिटात व्हीएलसी आलं. अगदी कायदेशीरपणे आलं. बंद होती ती एक वेबसाइट. डेबियनच्या भांडाराच्या प्रती, ज्यांना मिरर म्हणतात, त्या जगभर वेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांच्यावर काही बंधन नव्हतं.

ते पॅकेज खरं कशावरून? इथे ती सही कामी येते. डेबियनच्या भांडारात एक मुख्य यादी असते, तिच्यावर डेबियनची सही. त्या यादीत बाकीच्या याद्यांचे ठसे, आणि त्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. साखळीतली एक कडी जरी बदलली तरी एपीटी तक्रार करतं. ही व्यवस्था डेबियन ४.० पासून, म्हणजे २००७ पासून आहे. मिरर कुणाचाही असो, सही जुळली की माल तोच. उलट त्या काळात साइट उघडेना म्हणून ज्यांनी विंडोजसाठी कुठल्यातरी भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवलं, त्यांना हे तपासायला सोपं साधन नव्हतं. सुरक्षेसाठी खरी साइट बंद केली असेल, तर लोक ढकलले गेले ते कमी सुरक्षित दारांकडे.

ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅननं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली. आदेशाची प्रत द्या, आमचं म्हणणं ऐका, एवढीच मागणी. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली.

मधला माणूस चुकला तर?

मी मेंटेनरची आरती ओवाळायला उभा नाही. दोन घटना सांगतो आणि थांबतो.

पहिली, त्या बाहेरच्या डेबियन-मल्टिमीडिया भांडाराची. त्यानं नाव बदललं आणि जुनं डोमेन नाव सुटून तिसऱ्याच कुणाच्या हातात गेलं. जून २०१३ मध्ये डेबियनला जाहीर इशारा द्यावा लागला, की तुमच्या यादीत तो जुना पत्ता असेल तर काढून टाका. हजारो मशीनं रोज त्या पत्त्यावर विश्वासानं दार ठोठावत होती. पाटी जुनी, दुकानदार नवा.

दुसरी २९ मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या साधनात चोरदार सापडलं. ते घालणारा माणूस बाहेरून आला नव्हता. दोन-अडीच वर्षं मदत करून, विश्वास मिळवून तो सहदेखभालकर्ता झाला होता. ते चोरदार डेबियन आणि फेडोराच्या प्रायोगिक आवृत्त्यांपर्यंत पोचलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून ते सापडलं. मूळ देखभालकर्ता एकटा होता, थकलेला होता, आणि कुणीतरी मदतीला आलं याचं त्याला बरं वाटलं होतं. दोष त्याच्या एकट्यावर टाकून चालणार नाही. आपण सगळे ज्याच्या खांद्यावर उभे होतो त्याला पाणी विचारायलाही कुणी गेलं नव्हतं.

म्हणून बाबांना आज उत्तर द्यायचं तर असं देईन. बाबा, ती सोय एका माणसानं काढली, आणि ती परत आली तीही अशाच माणसांमुळे. कायदा दूर होता, कंपनी दूर होती, पण नोंदवहीत नाव लिहून कुणीतरी उत्तरदायी होतं. त्याला विचारता येत होतं. २०२२ च्या बंदीत मात्र कुणाला विचारायचं तेच नऊ महिने कळत नव्हतं.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडेही जुन्या कॅसेटी आहेत. कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवाव्यात?

उत्तर : मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. ते खुलं आहे आणि त्यात आवाजाचं काही गळत नाही. मोबाइलवर ऐकायला त्यावरून वेगळी छोटी प्रत काढा. आणि दोन ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक नातेवाइकाकडे. पुण्यात गी पॉयत्वँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित आहेत. त्या पुढच्या पिढीला ऐकता येतात, कारण कुणीतरी त्या वेळोवेळी नव्या माध्यमावर उतरवत राहिलं. तुमच्या घरातल्या कॅसेटींनाही तेवढंच पाहिजे.

प्रश्न : पॅकेज करायला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं का?

उत्तर : थोडं यावं लागतं, पण वाचायची चिकाटी जास्त लागते. सुरुवात भाषांतरानं किंवा बग कळवण्यानं करा. 'उपशीर्षकात जोडाक्षर फुटतंय' एवढं चित्रासह नीट कळवलंत तरी मेंटेनरचा एक दिवस वाचतो.

प्रश्न : आजीच्या ओव्या आता कशावर वाजतात?

उत्तर : व्हीएलसीवर. आत्याकडच्या मूळ कॅसेटी मी मागच्या दिवाळीत पुन्हा उतरवून घेतल्या, या वेळी फ्लॅकमध्ये. दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी आजी विचारते, "झालं का गं, बंद केलंस का?" एमपीथ्री करताना आतेभावानं तेवढं कापलं होतं. बाबांना आता तेच सगळ्यात जास्त आवडतं.